थंडीतली कळी

माझ्या मुलीने यंदा पहिल्यांदाच तिच्या गुलाबाच्या कुंड्या माझ्यावर सोपवल्या. ती दीड महिन्यासाठी तिच्या लेकाकडे गेली आहे. एरवी ती कुठे गेली की घराची किल्ली खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे द्यायची आणि मला म्हणायची, "आई, तुझे गुडघे दुखतात. उगाच वाकू नकोस." मी तिच्याच घरात राहते, गॅलरी माझ्या खोलीला लागून आहे आणि कुंड्या स्टुलावर आहेत. वाकायचं कुठे आलं त्यात? पण मी कधी विचारलं नाही. किल्ली खाली का जाते हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि चव्वेचाळीस वर्षं आम्ही दोघी आधी आणखी कशावर, आता गुडघ्यांवर वेळ मारून नेत आलो. यंदा डॉक्टरीणबाई घर बदलून गेल्या, आणि मुलीचा नाइलाज झाला.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा आम्ही तिला ठकी म्हणायचो. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असत आणि त्या काढल्याशिवायच त्या बोलत. सगळी बिल्डिंग त्यांना टाचणीमावशी म्हणायची, तोंडावरसुद्धा. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट नवं गिऱ्हाईक आलं की म्हणत, "टाचणीमावशी म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. खऱ्या नावाने विचारलंत तर दारातून परत जाल."

त्यांच्या गॅलरीत गुलाबाच्या सहा कुंड्या होत्या. पाच बाजारातून आणलेल्या. सहावी अक्काची. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण; आई गेल्यावर तिनेच मावशींना वाढवलेलं. ती लांबच्या गावी असायची. तिच्या अंगणात एक फार जुनं झाड होतं, फिकट गुलाबी फुलांचं, त्याची एक काडी मावशींनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि कुंडीत लावून जगवली. पुढे अक्काच्या मुलाने गाडी ठेवायला अंगणात फरशी घातली, आणि ते मूळ झाड गेलं. म्हणजे त्या फुलाचं जगात जे काही उरलं होतं, ते आमच्या डोक्यावरच्या गॅलरीत होतं.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी अक्काने अंथरूण धरलं. मावशींनी मशीनवर चादर टाकली, बॅग भरली आणि मला वर बोलावलं.

"तीन महिने तरी लागतील," त्या म्हणाल्या. "पोरं तुझ्याकडे देऊन जाते."

"काळजीच करू नका मावशी. तळहातावरच्या फोडासारखी जपते."

"फोडासारखी नको जपूस. थंडीत त्यांना कुणी जपलेलं आवडत नाही. झोपायचं असतं त्यांना." मग त्यांनी माझं बोट धरून मातीत खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. "इतक्या खोल कोरडं लागलं तरच पाणी. एक कप. तेही ऊन आल्यावर, संध्याकाळी नाही. कडाका पडायच्या आत पलंगाखालची गोणपाटं कुंड्यांना गुंडाळ आणि सगळ्या भिंतीशी सरकव. पानं गळतील, गळू देत. नुसते काटे उरतील आणि तुला वाटेल, मेलं. मेलेलं नसतं. टाचणीने साल खरवडायची, पण शेंड्याला नाही हं, शेंडा फसवतो. बुंध्याशी, मातीच्या वर दोन बोटं. हिरवं दिसलं की गप्प बसायचं."

"हिरवं नाही दिसलं तर?"

"तर मला सांगायचं. लगेच. काही बिघडलं तरी सांगायचं. उपाय असतो."

हे सगळं त्यांनी कपड्यांचे बेत कापतात त्या तपकिरी कागदावर पेन्सिलीने लिहूनही दिलं. मी कागदाची घडी केली आणि घरी येऊन चमच्यांच्या खणात ठेवली. तो कागद मी पुन्हा उघडला तेव्हा उघडून काही उपयोग नव्हता.

पहिले तीन आठवडे मी अगदी शहाण्यासारखी वागले. रोज वर जायचे, बोट खुपसायचे, ठकीलाही खुपसू द्यायचे. मग माझी नणंद दोन मुलांना घेऊन आली. तिच्या घराची दुरुस्ती चालली होती. "आठ दिवसांचा प्रश्न आहे वहिनी," म्हणाली, आणि महिनाभर राहिली. घरात पाय ठेवायला जागा नाही, न्हाणीघरासमोर रांग, माझी ड्यूटी, मुलांची भांडणं. पण ही सबब नाही. वरच्या मजल्यावर जायला सतरा पायऱ्या होत्या, आणि एका कपाला कितीसा वेळ लागतो? मी विसरले. खरं सांगायचं तर विसरलेही नाही. आठवण यायची आणि मी ती उद्यावर टाकायची.

मावशी दर रविवारी अकरा वाजता अक्काच्या घरून फोन करत. रविवारी सकाळी बोर्डावर मीच असते हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या रविवारांना सांगण्यासारखं असायचं. मग दोन रविवार मी "लाइनवर गर्दी आहे मावशी, सगळं ठीक" एवढ्यावर आटपलं. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी मला वाटलं, उद्या निदान एक तरी खरी गोष्ट सांगता यावी. म्हणून शनिवारी दिवे लागायच्या सुमाराला मी अख्खी बादली घेऊन वर गेले. पानं सगळी गळली होती. माती विटेसारखी. मला इतकं अपराधी वाटलं की मी बादलीच रिती केली, सहाही कुंड्यांत, माती पिईल तेवढं. गोणपाटं पलंगाखालीच होती. बाहेर हात बधिर होत होते आणि मला खाली जाऊन स्वयंपाकाला लागायचं होतं.

त्या रात्री वर्षातला सगळ्यात मोठा कडाका पडला. सकाळी ड्यूटीला जाताना वर डोकावले तर कुंड्यांतलं पाणी काचेसारखं झालं होतं. अक्काची कुंडी वरपासून खालपर्यंत तडकली होती, पेन्सिलीने रेघ ओढावी तशी. फांद्यांचे शेंडे काळेठिक्कर.

एक्स्चेंजमध्ये पोचेपर्यंत मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. शपथेवर सांगते, ठरवलं होतं. अकराला बोर्डावर दिवा लागला. मी वायर जोडली.

"काय म्हणतात माझी पोरं?"

"छान आहेत मावशी."

"छान म्हणजे?"

"म्हणजे मजेत."

"पानं गळली असतील सगळी."

"हो. गळली."

मग त्या काही बोलल्या नाहीत. फक्त श्वास ऐकू येत होता. आमच्या कामात एक सवय लावलेली असते: लाइनवर शांतता पडू द्यायची नाही. गिऱ्हाइकाला वाटतं लाइन तुटली. काहीतरी बोलायचं, गोड आवाजात, "थांबा हं, जोडते आहे," "एवढ्यात लागेल." लागणार नसलं तरी. मागून आमच्या मोठ्या बाई हातात घड्याळ घेऊन फेऱ्या मारत होत्या, त्यांच्या चपला माझ्या खुर्चीमागे थांबल्या, आणि माझ्या तोंडून त्याच गोड आवाजात निघून गेलं, "आणि मावशी, अक्कांच्या रोपाला कळी आलीय."

"कळी?"

"हो."

"रंग दिसतोय?"

"फिकट गुलाबी."

पलीकडे खरखर झाली, रिसीव्हर हातातून हातात गेला, आणि एक बारीक, वाऱ्यावरच्या कागदासारखा आवाज आला. "पोरी, मी अक्का. मी ऐकलं सगळं. एवढ्या थंडीत कळी आली? माझ्यासाठी आली असेल. फुलली की एक पाकळी पाठवशील का? लवंगेसारखा वास असतो तिला. बघ घेऊन."

"पाठवते," मी म्हटलं.

"वेळ संपली," मोठ्या बाई मागून म्हणाल्या.

पुढे जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. चौकातल्या फुलवाल्याकडून एक फिकट गुलाबी फूल आणलं. दुकानातलं फूल, त्याला वास कुठला? मी त्याच्या तीन पाकळ्या काढल्या आणि लवंगांच्या डबीत ठेवल्या. दोन दिवस. मग पाकिटात घातल्या. पाकीट चिकटवताना ठकी टेबलाशी पाढे लिहीत होती. तिने पाकिटाकडे पाहिलं, केराच्या टोपलीतल्या फुलाकडे पाहिलं. त्याच्या देठाला दुकानातला दोरा अजून तसाच होता.

"आई, मी वर जाऊन आले," ती म्हणाली. "कळी कुठेय?"

अक्काच्या सांगण्यावरून मावशींनी तिला पत्र टाकलं होतं, आईला मदत कर, कळीकडे लक्ष ठेव म्हणून.

"गळून पडली."

"आणि हे?"

"पाढे म्हण," मी म्हटलं.

ती पाढे म्हणायला लागली. तेराचा पाढा. मध्ये एकदा अडखळली आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली.

पाकळ्या पोचल्या. पुढच्या रविवारी मावशी म्हणाल्या, "अक्काने वास घेतला. म्हणाली, आपलाच आहे." बारा दिवसांनी अक्का गेली. मावशींचा फोन आला, आवाजात टाचण्या नव्हत्या. तिथलं सगळं आवरून त्या पंधरा दिवसांनी येणार होत्या.

पंधरा दिवस. मी वर गेले आणि अक्काच्या रोपाची साल नखाने खरवडली. आत तपकिरी. कोरडं. आणखी एका फांदीची खरवडली, तेच. मी शेंडेच खरवडत होते. तो कागद चमच्यांच्या खणात होता आणि मला तो उघडायचा धीर होत नव्हता, कारण त्यात संध्याकाळच्या पाण्याबद्दल काय लिहिलंय हे मला चांगलं आठवत होतं. मी रोप उपटलं. मागच्या आवारात तुटक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे पडलेले असत, त्यांच्यामागे फेकून दिलं. रोपवाटिकेतून तशाच रंगाचं रोप आणलं आणि अक्काच्या कुंडीत लावलं. कुंडीला नवऱ्याकडून तार बांधून घेतली.

"काय हो, कळेल का?" मी विचारलं.

त्यांनी पक्कड खिशात टाकली. "त्यांना कळेल की नाही मला माहीत नाही," म्हणाले. "तुला तर कळलेलंच आहे."

मावशी आल्या त्या सकाळी मी चहा घेऊन वर गेले. त्या वाळल्या होत्या. चहा मशीनवर ठेवून त्या थेट गॅलरीत गेल्या. पाच कुंड्यांवरून हात फिरवला. दोन गेल्या होत्या, तीन तग धरून होत्या. मग अक्काच्या कुंडीशी बसल्या. तारेला हात लावला. बुंध्याची माती बोटाने बाजूला केली.

"याला गाठ आहे," त्या म्हणाल्या.

लाइनवर शांतता पडली होती आणि मला काहीही सुचेना.

"हे कलमाचं रोप आहे. कलमाला गाठ असते, इथे, जोडलेल्या जागी. अक्काचं काडीचं होतं. काडीच्या रोपाला गाठ नसते." त्या उठल्या नाहीत. "कुठे टाकलंस?"

आम्ही मागच्या आवारात गेलो. मी पुढे, त्या मागे. रंगाच्या डब्यांमागे ते पडलं होतं, मुळं उघडी, माती झडलेली. आठ दिवस तसंच. मावशींनी ते मांडीवर घेतलं, पदराने पुसलं आणि गळ्यापाशी खोचलेली एक टाचणी काढली. बुंध्याशी, माती लागायची त्याच्या दोन बोटं वर, हळूच साल खरवडली.

आत हिरवं होतं. दोऱ्याएवढं.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात, ते मला तोवर नुसतं बोलणं वाटायचं.

"मी ती बादली..." मी सुरुवात केली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पानं गळलेल्या रोपाला कडाक्याच्या थंडीत कळी येत नाही, बाई. वीस वर्षं गुलाब लावतेय मी. आणि लवंगेचा वास मला कळत नाही होय?"

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"कशी विचारणार? अक्का माझ्या कानाला कान लावून ऐकत होती. तिचा चेहरा बघितला असतास तर तूही नसतं विचारलंस." त्यांनी मुळांवर पदर टाकला, बाळाच्या अंगावर टाकतात तसा. "अक्काला चार दिवस बरं वाटलं, ते वाटलं. त्याचं मी काही म्हणत नाही. पण मला वेगळं पत्र टाकायचंस. दोन ओळी. मावशी, माझ्याकडून पाणी गोठलं. मी सांगितलं असतं, काळं झालेलं कापून टाक, बुंध्याला माती चढव, गोणपाट गुंडाळ, घरात घे. वाचलं असतं. थंडीने नाही मारलं याला. टाकलं म्हणून मेलं."

"अजून हिरवं आहे ना पण," मी म्हटलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "बघू."

मी माफी मागायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला. "माफी राहू दे. जिन्यात माती सांडलीय, ती झाडून घे आधी. लोक चढतात-उतरतात."

मी सतराही पायऱ्या झाडल्या.

त्यांनी ते रोप नव्या कुंडीत लावलं, खिडकीच्या आत, मशीनशेजारी. ऊन वाढलं, उरलेल्या तिघांना लाल कोंब आले, माझ्या कलमाच्या रोपालाही आले, ते तर फुललंसुद्धा, भरभरून, निर्लज्जासारखं. अक्काचं तसंच राहिलं. मी कपडे शिवायला टाकायच्या निमित्ताने जायचे आणि हळूच तिकडे बघायचे. एक दिवस कुंडी रिकामी दिसली. मावशींनी टाचण्यांमधून विचारलं, "बाही केवढी ठेवायची?" आणि मी सांगितलं.

बिल्डिंगीत त्यांनी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. माझ्याशी बोलणं तोडलं नाही. ते तोडलं असतं तर मी कुठेतरी त्यांच्यावर रागावू शकले असते.

पुढच्या थंडीत त्यांना अक्काच्या घराच्या कागदपत्रांसाठी पुन्हा महिनाभर जायचं होतं. मी मनात धरून होते की या वेळी त्या मला विचारणारच नाहीत. त्या खाली आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ठकी आहे का?"

ठकी आली. मावशींनी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि एक टाचणी, बुचात खोचलेली.

"बोट कुठपर्यंत?"

"दुसऱ्या पेरापर्यंत."

"पाणी केव्हा?"

"ऊन आल्यावर. एक कप."

"आणि बिघडलं तर?"

"सांगायचं," ठकी म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मावशींनीही बघितलं नाही. मी तिथेच दारात हातात लाटणं घेऊन उभी होते. दोघींनी मला इतकं सांभाळून घेतलं की मला मान वर करता येईना. महिनाभर माझी नऊ वर्षांची, आता दहाची, मुलगी गळ्यात किल्ली अडकवून सतरा पायऱ्या चढत होती. एकही कुंडी गेली नाही.

मावशी जाऊन आता खूप वर्षं झाली. ठकीच्या गॅलरीत तीन कुंड्या आहेत. मी रोज ऊन आल्यावर बोट खुपसते. सांध्यांमुळे बोट वाकडं झालंय, दुसऱ्या पेरापर्यंत जाताना दुखतं, पण घालते. गोणपाटं पहिल्याच दिवशी गुंडाळली. सगळं नीट चाललं होतं. परवा वारा सुटला म्हणून गॅलरीचं दार ओढून घ्यायला गेले, हातातली काठी कुंडीत अडकली आणि मधली कुंडी स्टुलावरून खाली आली. कुंडी फुटली नाही, पण एक मोठी फांदी बुंध्यापासून उकलली. अर्धी साल लोंबत होती. मी ती तशीच धरून बराच वेळ उभी होते. मनात पहिला विचार काय आला सांगू? की ठकी यायला अजून तीन आठवडे आहेत, आणि खालच्या कोपऱ्यावर रोपवाटिका आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. माझं मलाच हसू आलं नाही.

आज रविवार. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"आई, कशा आहेत कुंड्या?"

जिभेवर "छान" आलं होतं. किती सोपा शब्द आहे तो, अजून. मी गिळला. लाइनवर शांतता पडली, आणि मी ती पडू दिली.

पलीकडून ठकी म्हणाली, अगदी हलकेच, "कळी तर नाही ना आली?"

चव्वेचाळीस वर्षांत त्या गोष्टीबद्दल ती पहिल्यांदा बोलली. तिच्या आवाजात टोमणा होता की भीती, मला नीटसं कळलं नाही. वाटलं फोन ठेवून द्यावा.

"नाही," मी म्हटलं. "मधली कुंडी माझ्या काठीने पाडली. एक फांदी बुंध्यापासून उकललीय. परवा झालं. मी दोन दिवस तुला फोन केला नाही."

ती म्हणाली, "तुटलीय की लोंबतेय?"

"लोंबतेय."

"साल ओली आहे का आत?"

"बघितलं नाही."

"मग आधी बघ. माझ्या शिवणाच्या डब्यात बुचात खोचलेली टाचणी आहे. जा, मी थांबते. आणि हळू जा गं, गुडघे."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि डबा शोधायला उठले.